मेलेले चालते, चुकलेले चालत नाही

मॅक्स ब्रुक्स यांची 'वर्ल्ड वॉर झेड' ही कादंबरी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. चीनमधल्या एका खेड्यात एक मुलगा चावरा होतो आणि तिथून निघालेली साथ बघता बघता पृथ्वीभर पसरते. मेलेली माणसे उठतात, जिवंतांना चावतात. चावलेले मरतात आणि तेही उठतात. कादंबरीच्या चाहत्यांनी हे सगळे बिनतक्रार मान्य केले. मढे उठून चालू लागले याला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती त्या मढ्यावर डागलेल्या तोफगोळ्याच्या परिणामाला. हत्ती गेला आणि शेपूट अडकले, ही म्हण जणू याच वाचकवर्गासाठी झाली असावी. हे शेपूट पुस्तक आल्यापासून अडकलेले आहे, आणि ते सोडवण्यापेक्षा त्याची लांबी बरोबर दिली आहे की नाही यावर वाद घालण्यात मंडळी सुखी आहेत.

या वेडाचे मूळ कादंबरीच्या बांधणीत आहे. 'वर्ल्ड वॉर झेड' कादंबरीसारखी लिहिलेलीच नाही. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका आयोगासाठी कुणी एक कर्मचारी जगभर हिंडून मुलाखती घेतो. वरिष्ठांना त्या अहवालात माणसांच्या भावना फार आणि आकडे कमी वाटतात, म्हणून ते बराचसा मजकूर कापतात, आणि त्या कापलेल्या मजकुराचे हे पुस्तक होते. सगळा बनाव अत्यंत गंभीर चेहऱ्याने मांडलेला आहे. प्रत्येक मुलाखतीच्या डोक्यावर गावाचे नाव, मग बोलणाऱ्याची दोन-चार ओळींत ओळख, अधूनमधून तळटीपा. अमेरिकन लेखक स्टड्स टर्केल यांनी दुसऱ्या महायुद्धातून गेलेल्या सामान्य माणसांच्या आठवणींचे 'द गुड वॉर' हे पुस्तक १९८४ साली काढले होते. ब्रुक्स यांनी तोच साचा उचलला आणि ते ऋण उघडपणे मानले. कादंबरीला नायक नाही, नायिका नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. सैनिक, डॉक्टर, तस्कर, पाणबुडीवरचा अधिकारी, आंधळा माळी, कुत्रे शिकवणारा असे लोक येतात, आपापले सांगतात आणि निघून जातात.

वाचकाच्या हाती कादंबरी दिली तर तो नायकाची काळजी करतो. अहवाल दिला तर तो चुका शोधतो. सरकारी कागद समोर आला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो, आणि तळटीप दिसली की ती तपासून पाहण्याची खुमखुमी येते. ब्रुक्स यांनी आपल्या वाचकांना लेखापरीक्षक म्हणून नेमले, तेही बिनपगारी. मग त्यांनी हरकती काढल्या तर दोष कुणाला द्यायचा?

खरे तर या परीक्षकांची शिकवणी तीन वर्षे आधीच सुरू झाली होती. २००३ साली ब्रुक्स यांचे 'द झॉम्बी सर्व्हायव्हल गाइड' आले. ब्रुक्स हे विनोदी चित्रपटांचे बादशहा मेल ब्रुक्स आणि अभिनेत्री अॅन बॅनक्रॉफ्ट यांचे चिरंजीव. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन विनोदी कार्यक्रमाच्या लेखकांत तेही होते. घराणे पाहून पुस्तक विनोदाच्या फडताळात गेले. त्यात विनोद मात्र शोधूनही सापडत नाही. केस बारीक कापा आणि कपडे अंगाबरोबर घाला, म्हणजे चावणाऱ्याच्या हाताला धरायला काही मिळणार नाही. वरच्या मजल्यावर गेलात की खालचा जिना तोडून टाका. साखळीची करवत सिनेमात शोभते, पण तिला इंधन लागते, वजन फार आणि आवाज त्याहून फार, तेव्हा तिच्या नादी लागू नका. असा सगळा वडीलधाऱ्यांच्या सुरातला उपदेश आहे. जिना तोडण्याच्या ठरावाला सोसायटीच्या वार्षिक सभेत मंजुरी कशी मिळवावी, एवढे एक सोडले तर काही राहिलेले नाही.

या पुस्तकाचे वाचक दोन गटांत विभागले गेले. एक गट हसला. दुसरा गट उठून आपल्या घरचा जिना पाहून आला. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या गटाने घडवला. ब्रुक्स यांच्या व्याख्यानांना हीच मंडळी येत आणि आपापल्या शंका मांडत. ब्रुक्सही चेहऱ्यावरची रेघ न हलवता उत्तरे देत. बापाने आयुष्यभर लोकांना हसवले, मुलाने स्वतः न हसण्यावर नाव काढले.

'वर्ल्ड वॉर झेड'वरच्या प्रतिक्रियांचा सर्वांत दाट साठा मात्र एकाच प्रकरणाभोवती आहे: याँकर्सची लढाई. याँकर्स हे न्यूयॉर्कला उत्तरेकडून चिकटलेले खरेखुरे शहर. कादंबरीत न्यूयॉर्कमधून झॉम्बींचा लोंढा बाहेर पडतो आणि अमेरिकी लष्कर त्याला इथे अडवायचे ठरवते. लढाई जिंकण्यापेक्षा ती टीव्हीवर नीट दिसण्याची घाई जास्त. रणगाडे येतात, रॉकेटे येतात, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या येतात. समोरचा शत्रू एकही गोळी झाडणार नाही हे ठाऊक असूनही सैनिकांना खड्डे खणून त्यांत बसवले जाते. अंगावर रासायनिक युद्धाचे जाडजूड कपडे चढवले जातात. शिवाय प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक इलेक्ट्रॉनिक पडदा, ज्यात शेजाऱ्याला काय दिसते तेही दिसते. पहिली फळी छान कापली जाते. मग दारूगोळा आटतो, मागून येणारे आटत नाहीत. एका सैनिकाचे लचके तोडले जातात ते सगळ्यांना आपापल्या पडद्यावर दिसते, आणि जगातले सर्वांत महागडे सैन्य पळत सुटते.

हे वाचून लष्करी बाबींत रस असलेला वाचक जो खवळला तो अजून निवलेला नाही. मेंदू नष्ट झाल्याखेरीज झॉम्बी मरत नाही, हे त्याला कबूल आहे. पण तोफगोळा फुटल्यावर हवेचा जो दाब उसळतो त्याने कवटीतल्या मेंदूचे काय होईल? गोळ्याच्या कपच्या काय फक्त मांड्यांतच घुसतात? अमेरिकी तोफखान्याचा दारूगोळा संपतोच कसा? आणि समजा संपला, तर साठ टनांहून जड अब्राम्स रणगाड्याला त्या निःशस्त्र, रेंगाळत चालणाऱ्या गर्दीवरून सरळ जायला कुणी मनाई केली होती? झाकण लावून घ्यावे, याँकर्स ते मॅनहॅटन अशा चार खेपा कराव्यात, लढाई जेवणाच्या सुट्टीपूर्वी आटोपते.

या मुद्द्याला मग पोटमुद्दे फुटतात. एवढ्या मांसाच्या चिखलात रणगाड्याचे पट्टे घसरणार नाहीत का? अब्राम्सला गॅस टर्बाइन इंजिन असते आणि ते उभ्या उभ्याही इंधन ढोसते, मग चार खेपांचे इंधन कुठून आणायचे? टँकर मागे ठेवला तर त्याच्या चालकाचे संरक्षण कुणी करायचे? कुणी तोफखान्याच्या नियमपुस्तिकेचा दाखला देतो, कुणी स्वतः नोकरीत काढलेल्या वर्षांचा. पानेच्या पाने भरतात. इथवर येईतो मूळ प्रश्न, म्हणजे मेलेली माणसे मुळात चालत कशी होती, हा कुणाच्या गावीही नसतो.

कादंबरीचे वकीलपत्र घेणाऱ्यांचा पक्षही तयारीचा आहे. त्यांचे पहिले म्हणणे असे की ही हकीकत टॉड वेनिओ नावाचा एक साधा पायदळ सैनिक सांगतो. त्याला स्वतःच्या खड्ड्यापलीकडचे काय दिसणार? तेव्हा चूक असेल ती त्याची, लेखकाची नव्हे. ही युक्ती फारच सोयीची आहे. मुलाखतींच्या कादंबरीत लेखक कधी चुकूच शकत नाही, चुकतात ती पात्रे. दुसरे म्हणणे जास्त वजनदार आहे. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेने शत्रूला धक्क्याने आणि दराऱ्याने गारद करण्याचे तंत्र गाजवले होते. ब्रुक्स यांनी त्या तंत्रासमोर असा शत्रू उभा केला की जो घाबरतच नाही. जो आधीच मेला आहे त्याला जिवाची भीती कशी घालायची? थोडक्यात, याँकर्स हे प्रकरण तोफांबद्दल नसून तोफांवर भिस्त ठेवणाऱ्या डोक्यांबद्दल आहे. साहित्याच्या बाजूने पाहता हा पक्ष बरोबर आहे. दारूगोळ्याच्या बाजूने पाहता पहिला पक्ष बरोबर आहे. दोघेही एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नसल्याने वादाला मरण नाही.

गंमत अशी की कादंबरीच्या उत्तरार्धात हेच सैन्य शहाणे होते. साधी रायफल, सरळ रांगा, एक गोळी एक डोके, थकलेल्याला विश्रांती, चारही बाजूंनी बंद चौकोन. हातघाईसाठी फावडे आणि कुऱ्हाड यांचा संकर असलेले 'लोबो' नावाचे हत्यार निघते. इथे चाहत्यांचा राग मावळतो आणि हौस उफाळून येते. लोबोचे वर्णन पुस्तकात बेताचे आहे, म्हणून ज्याने त्याने आपापल्या मनातला लोबो रेखाटला, आणि दांड्याची लांबी किती असावी, पाते एका अंगाला की दोन्ही अंगांना, यावर तोफगोळ्याइतक्याच आवेशाने मते पडली.

विज्ञानाच्या अंगाने येणारे चाहते तुलनेने मवाळ, पण जास्त चिकट. ब्रुक्स यांच्या मार्गदर्शक पुस्तकात या सगळ्याचे खापर 'सोलॅनम' नावाच्या विषाणूवर फोडले आहे. तो माणसाला मारतो आणि त्याच्या मेंदूला प्राणवायूची गरज न उरेल असा बदलून टाकतो. झॉम्बी खातो, पण पचवत नाही. तरी वर्षानुवर्षे चालतो. या एका वाक्यावर भौतिकशास्त्र शिकलेला वाचक अडतो, कारण ऊर्जा कुठून तरी यावी लागते. हिवाळ्यात झॉम्बी गोठतात आणि वसंतात वितळून पुन्हा चालू लागतात, यावर जीवशास्त्रवाला अडतो, कारण पाणी गोठताना पेशी फोडते. समुद्राच्या तळावरून चालत ते दुसऱ्या किनाऱ्यावर निघतात, यावर दोघेही अडतात. लेखकाने एक पळवाट ठेवली आहे: या मांसाला जंतूही तोंड लावत नाहीत, म्हणून ते लवकर कुजत नाही. ही पळवाट चाहत्यांना आवडली. मग त्यांनी तिच्यावरच नवे प्रश्न काढले.

काहींनी प्रश्न विचारण्याऐवजी गणित मांडले. २००९ साली कॅनडात ओटावाच्या गणितज्ञांनी झॉम्बींच्या साथीचे समीकरण प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रमुखाचे नाव तेव्हा रॉबर्ट स्मिथ? असे होते. आडनावापुढचे प्रश्नचिन्ह छपाईची चूक नव्हे, ते नावाचाच भाग आहे. निष्कर्ष असा निघाला की विलगीकरण वगैरे करून भागणार नाही. लवकर, जोरात आणि पुन्हा पुन्हा हल्ला केला तरच माणूस तगेल. २०१५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी याच कादंबरीवरून स्फूर्ती घेऊन सगळ्या अमेरिकेवर साथ सोडून पाहिली, अर्थात संगणकात. दाट वस्तीची शहरे भराभर पडली आणि मोंटाना, नेव्हाडामधले ओसाड कोपरे चार महिन्यांनंतरही सुखरूप राहिले. लपायला उत्तम जागा म्हणून रॉकी पर्वताच्या उत्तर भागाचे नाव निघाले. कादंबरीतले अमेरिकी सरकारही माघार घेते ते रॉकी पर्वताच्या पलीकडेच. तोफगोळ्यांवरून लेखकाला झोडपणाऱ्यांनी भूगोलात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नव्हती.

भूगोल हा तर प्रत्येक वाचकाचा जिव्हाळ्याचा विषय. एवढे मोठे जग बुडते आहे म्हटल्यावर माणूस आधी आपला देश कोणत्या पानावर बुडतो ते पाहतो. क्यूबा या युद्धातून श्रीमंत होऊन बाहेर पडतो. उत्तर कोरियाची सगळी लोकसंख्या एके दिवशी नाहीशी होते आणि ती जमिनीखाली गेली असावी असा तर्क लढवला जातो. ल्हासा हे जगातले सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे शहर बनते. आइसलँडचे काहीच उरत नाही. इंग्लंडची राणी विंडसरच्या किल्ल्यातून हलत नाही, आणि यावर मात्र कुणीही शंका काढलेली ऐकिवात नाही.

भारत दोन ठिकाणी ठळकपणे येतो. एक म्हणजे गुजरातेतल्या भावनगरजवळचे अलंग, जिथे जगभरची म्हातारी जहाजे मोडायला येतात. कादंबरीत हजारो लोक जीव वाचवण्यासाठी या जहाजांकडे धाव घेतात. प्रसंग अंगावर येतो. पण अलंगची पद्धत ठाऊक असलेल्या वाचकाला लगेच खटकते की तिथे जहाज मोठ्या भरतीच्या जोरावर किनाऱ्यावर चढवतात ते कायमचे. चिखलात रुतलेले, अर्धे कापलेले जहाज पुन्हा पाण्यात कोण ढकलणार? समुद्रात रांगेत थांबलेल्या जहाजांवरच सगळी मदार. दुसरे ठिकाण हिमालयातली एक खिंड, जी झॉम्बींना अडवण्यासाठी सुरुंग लावून बंद करायची असते. सुरुंग उडत नाहीत तेव्हा भारतीय सैन्याचे जनरल राज-सिंग स्वतः मागे जाऊन ते पेटवतात, आणि खिंड मिटते. पुढे अमेरिकी सैन्य ज्या चौकोनी रचनेने लढते तिला त्यांचेच नाव दिलेले आहे. भारतीय वाचकाची छाती फुगते आणि त्याच वेळी नजर त्या नावातल्या आडव्या रेघेवर अडकते. असे जोडनाव नेमके कुठल्या जिल्ह्यात सापडते, हे लेखकाने सांगितलेले नाही. अणुयुद्धही होते, पण ते पाकिस्तान आणि इराण यांच्यात. भारत-पाकिस्तानला एकमेकांवर डोळे ठेवण्याची सवय होती, तशी या दोघांना नव्हती, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. शेजाऱ्याशी रोज भांडणारा सुरक्षित राहतो, हे तत्त्व चाळीत वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

कानांनी वाचणारा एक वेगळा पंथ आहे. कादंबरीची ध्वनिमुद्रित आवृत्ती एकाने वाचलेली नाही, ती वेगवेगळ्या नटांनी वाटून घेतलेली आहे. अॅलन अल्डा, मार्क हॅमिल, जॉन टर्टुरो, कार्ल रायनर असे आवाज, आणि प्रश्न विचारणारा आवाज स्वतः ब्रुक्स यांचा. २०१३ साली वाढवलेल्या आवृत्तीत चित्रपटदिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांचाही आवाज आला. ब्रुक्स यांना लहानपणी डिस्लेक्सियामुळे वाचायला जड जाई, म्हणून आई त्यांची शाळेची पुस्तके अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून ध्वनिमुद्रित करून आणत असे. त्यांचे पुस्तक कानाला गोड लागावे यात नवल नाही. या पंथाच्या मते ज्याने पुस्तक नुसते वाचले त्याने ते वाचलेलेच नाही. वाचणारे यावर चिडतात आणि ऐकणाऱ्यांना मूळ ध्वनिमुद्रणातून कोणती प्रकरणे गाळली होती त्यांची यादी ऐकवतात.

एवढ्या पंथोपपंथांना एकत्र आणण्याचे श्रेय हॉलीवूडकडे जाते. जून २०१३ मध्ये मार्क फॉर्स्टर दिग्दर्शित 'वर्ल्ड वॉर झेड' आला, नायक ब्रॅड पिट. नायक हा शब्द आला तिथेच घात झाला, कारण पुस्तकात नायक नव्हता. इथे गेरी लेन नावाचा संयुक्त राष्ट्रसंघाचा माणूस विमानांतून जगभर हिंडतो आणि जिथे जाईल तिथे अनर्थ घडतो. चित्रपटात आणि आपल्या पुस्तकात सारखे आहे ते फक्त नाव, असे खुद्द ब्रुक्स सांगत राहिले. शेवटचा भाग जमला नाही म्हणून नव्याने लिहून पुन्हा चित्रित करावा लागला. आधी रशियातली घनघोर लढाई होती. ती कापून गोष्ट वेल्समधल्या एका प्रयोगशाळेत आणली गेली. तिथे मानवजात वाचवण्याच्या ऐन क्षणी नायक पेप्सीच्या यंत्रासमोर थांबून एक डबा पितो. कादंबरीच्या चाहत्यांनी एवढे सगळे सोसले असते की नाही कोण जाणे, पण मुख्य गुन्हा याहून मोठा होता. चित्रपटातले झॉम्बी धावत होते.

धावणारा झॉम्बी हा या पंथात धर्माचा प्रश्न आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून झॉम्बीने रेंगाळत, पाय ओढत चालावे असा संकेत आहे. मग भले त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द एकदाही उच्चारला गेलेला नसो. २००२ साली '२८ डेज लेटर'मध्ये चावरी माणसे सुसाट पळाली तेव्हा सनातनी मंडळींनी मार्ग काढला की ती मेलेलीच नाहीत, नुसती आजारी आहेत, सबब झॉम्बी नव्हेत. २००४ साली 'डॉन ऑफ द डेड'च्या नव्या आवृत्तीत खरेखुरे मेलेलेही पळाले आणि तो मार्ग बंद झाला. ब्रुक्स यांचे पुस्तक म्हणजे मंदगतीवाल्यांचा बालेकिल्ला. त्यांचे म्हणणे, हळू येणारे संकटच खरे भयंकर, कारण त्यात माणसाला मूर्खपणा करायला भरपूर वेळ मिळतो. आणि त्याच पुस्तकाच्या नावाखाली पडद्यावर चावल्यापासून बाराव्या सेकंदाला माणूस झॉम्बी होऊन उड्या मारू लागला. जेरुसलेमच्या भिंतीशी तर झॉम्बी एकमेकांच्या अंगावर चढून ढीग रचतात आणि भिंत ओलांडतात. पुस्तकातला इस्रायल टिकतो. चित्रपटातला पंधरा मिनिटांत पडतो. या दृश्यावर प्रेक्षकांनी श्वास रोखला आणि वाचकांनी कपाळावर हात मारला. चित्रपटाने जगभरात सुमारे ५४ कोटी डॉलर मिळवले. त्यात कपाळावर हात मारण्यासाठी तिकीट काढून गेलेल्यांची भर किती, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

२०१३ सालीच मे महिन्यात 'गो गोवा गॉन' येऊन हिंदीत झॉम्बी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले होते, आणि २०२२ साली आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने ते मराठीत डोंबिवलीला आणले. या दोन्ही चित्रपटांनी आधीच हसत हसत हात वर केल्याने तोफगोळ्यांचा प्रश्न निघालाच नाही. गंभीर चेहऱ्याने थाप मारणाऱ्यालाच पुरावा मागतात.

चाहत्यांच्या या गांभीर्याची लागण सरकारी खात्यांनाही झाली. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने झॉम्बींच्या हल्ल्यासाठी घरात काय काय ठेवावे याच्या सूचना काढल्या: पाणी, टिकाऊ अन्न, औषधे, विजेरी, रेडिओ. वादळाच्या सूचना काढल्या तेव्हा ढुंकून न पाहणारे लोक या वेळी असे तुटून पडले की संस्थेचे संकेतस्थळच कोलमडले. पुढच्या वर्षी एका विचित्र हल्ल्याच्या बातम्या पसरल्या तेव्हा मात्र मेलेल्यांना उठवणारा कोणताही विषाणू आपल्याला माहीत नाही, असा खुलासा याच संस्थेला करावा लागला.

लष्कर मागे राहिले नाही. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडने २०११ मध्येच ३१ पानांची झॉम्बीविरोधी युद्धयोजना तयार केली. ती २०१४ साली बाहेर फुटली. हा विनोद नाही, असे तिच्या आरंभीच बजावलेले आहे. कारणही दिलेले आहे: अधिकाऱ्यांना योजना आखायला शिकवताना खऱ्या देशाचे नाव घेतले तर कुणीतरी ते खरेच समजण्याचा धोका, झॉम्बींच्या वकिलातीकडून निषेध येण्याची भीती नाही. योजनेत झॉम्बींचे प्रकार पाडलेले आहेत, किरणोत्साराने झालेले, काळ्या जादूने झालेले, अंतराळातून आलेले, फक्त भाजीपाला खाणारे. यांपैकी प्रत्यक्षात सिद्ध झालेला एकच प्रकार आहे असे त्यात नमूद आहे, आणि तो म्हणजे कोंबडी झॉम्बी: अंडी देईनाशा झालेल्या कोंबड्यांना विषारी वायूने मारून पुरल्यावर त्यांतल्या काही जमिनीतून वर येतात. याँकर्सच्या टीकाकारांना इतकी वर्षे हवे होते ते हेच, सैन्याने विषय मनावर घेणे. ब्रुक्स यांनाही पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या मॉडर्न वॉर इन्स्टिट्यूटमध्ये मानाची जागा मिळाली. तोफगोळ्यांच्या चुका काढणाऱ्यांना मिळाली नाही.

२०२० साली करोनाची साथ आली आणि चाहत्यांच्या प्रतिक्रियांनी रंग बदलला. चीनमध्ये सुरुवात, मग दडवादडवी, मग सगळीकडची बेफिकिरी, मग घबराट. पुस्तक पुन्हा उघडले गेले आणि कालपर्यंत ज्याला तोफा कळत नव्हत्या तो लेखक एकदम द्रष्टा ठरला. ब्रुक्स यांनी ही पदवी घेतली नाही. २००३ ची सार्सची साथ आणि जुने इतिहास वाचले होते, एवढेच त्यांचे म्हणणे. चीनबद्दलचा मजकूर आहे तसा तिथे छापू देणार नव्हते आणि ब्रुक्स यांनी तो बदलायला नकार दिला, म्हणून तिथे पुस्तक निघालेच नव्हते, हेही त्यांनी तेव्हा सांगितले.

लेखापरीक्षण मात्र थांबले नाही. या वेळी ते उलट्या दिशेने सुरू झाले. आजवर कादंबरीतल्या घटना वास्तवाला धरून नाहीत अशी तक्रार होती, आता वास्तवच कादंबरीला धरून वागत नाही अशी निघाली. पुस्तकात ब्रेकिन्रिज स्कॉट नावाचा एक बिलंदर उद्योजक 'फॅलँक्स' नावाची निरुपयोगी लस विकतो, आणि भेदरलेले लोक रांगा लावून ती टोचून घेतात. हा भाग पूर्वी अतिरंजित वाटे. २०२१ मध्ये खरी, गुणकारी लस फुकट मिळत असताना ती नको म्हणून मोर्चे निघाले. लेखकाने माणसाच्या लबाडीचा अंदाज बरोबर बांधला होता, हट्टाचा कमी बांधला. तोफखान्यानंतर चाहत्यांना सापडलेली ही सर्वांत सबळ चूक.

ब्रुक्स यांनी स्वतः मार्च २०२० मध्ये एक छोटी चित्रफीत काढली. काचेच्या दाराबाहेर ते उभे आणि दाराआड त्र्याण्णव वर्षांचे वडील. मुलगा समजावतो की मला हा आजार झाला तर मी काही मरणार नाही, पण मी तो यांना दिला, यांनी तो कार्ल रायनर आणि डिक व्हॅन डाइक यांना दिला, तर विनोदाची एक अख्खी पिढी माझ्या हातून बाद होईल. आत मेल ब्रुक्स काचेवर टकटक करत राहतात. जगभर ही फीत लोकांनी पाहिली. कसलेल्या चाहत्यांनी एवढीच नोंद केली की बाप वरच्या मजल्यावर हवा होता, जिना तोडून.

त्याच वर्षी जूनमध्ये ब्रुक्स यांची नवी कादंबरी आली, 'डिव्होल्यूशन'. चाहते झॉम्बींच्या दुसऱ्या भागाची वाट पाहत होते. चित्रपटाचा दुसरा भाग २०१९ मध्येच रद्द झाला होता. नव्या पुस्तकात झॉम्बी नव्हते. रेनियर पर्वतावर ज्वालामुखीचा स्फोट होतो, पायथ्याची एक वसाहत जगापासून तुटते आणि जंगलातून बिगफूट, म्हणजे दंतकथेतली ती केसाळ महाकाय माकडे, उतरतात. हेही पुस्तक रोजनिशी आणि मुलाखतींच्या रूपात आहे. बिगफूट खरेच असतो का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडले नाही. एवढ्या धिप्पाड प्राण्यांच्या टोळीला त्या रानात रोज किती खायला लागेल आणि ते मिळेल का, हा हिशेब तेवढा राहिला होता, तो सुरू झाला.